फाळके यांनी काय पाहिले?

आपल्याकडील व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून एक गोष्ट मोठ्या हौसेने सांगितली जाते. भारतीय चित्रपटाचा उगम प्रभू येशूच्या जीवनावरील एका मूकपटात आहे. दादासाहेब फाळके यांनी तो पाहिला नसता तर 'राजा हरिश्चंद्र' निघाला नसता. गोष्ट खोटी नाही. मीही ती अनेकदा सांगितली आहे आणि सांगताना थोडी छाती फुगवलीही आहे. परंतु नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तेथे एका दुपारी बसलो असताना एक साधा प्रश्न मनात आला. त्या दिवशी फाळके यांच्या डोळ्यांपुढे ख्रिस्तचरित्र होते हे खरे. पण त्यांनी पाहिले काय?

उत्तर त्यांनी स्वतःच देऊन ठेवले आहे. १९१७-१८ च्या सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेख लिहिले, त्यांत त्या दिवसाची हकीगत येते. गिरगावातील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंग पडद्यावरून सरकत होते, उदात्त प्रसंग आला की फाळके टाळ्या वाजवीत होते, आणि त्याच वेळी त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. एका खेळाने समाधान झाले नाही म्हणून त्यांनी पुन्हा तिकीट काढले आणि तोच चित्रपट पुन्हा पाहिला. आपल्या देशातील लोकांना आपली माणसे, आपले देव पडद्यावर केव्हा दिसतील, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो तेव्हाच.

डोळे बेथलेहेमात होते आणि मन गोकुळात. या हकीगतीकडे आजवर बहुतेकांनी स्वदेशीच्या अभिमानाचा उद्गार म्हणून पाहिले आहे, आणि आपण ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्तचरित्राच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून. दोघांनीही आपल्याला हवे ते उचलले. माझ्या मते ही हकीगत याहून मौल्यवान आहे. इंद्रियांनी आणून दिलेल्या सामग्रीचे मन काय करते, याची ती एका तरबेज माणसाने केलेली प्रामाणिक नोंद आहे.

तरबेज म्हटले ते सहज नव्हे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछाप, रंगीत छपाई या साऱ्या कला त्यांनी हाताळल्या. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि लोणावळ्याला राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे कामही पाहिले. शिवाय एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले होते आणि आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करीत. थोडक्यात, माणसाला काय दाखवले असता तो काय पाहतो, याच व्यवसायात त्यांची उमर गेली होती. जादूगाराइतके हे कोणाला ठाऊक असणार? नाणे त्याच्या डाव्या हातात असते. ते उजव्या हातात आहे हे पाहणाऱ्याचे मनच पाहणाऱ्याला सांगते.

या प्रसंगाच्या तारखेबद्दल एक मौजेचा घोळ आहे. फाळके स्वतः नाताळातील शनिवार सांगतात आणि वर्ष १९१० चे. चरित्रपर लेखनात मात्र दुसरी हकीगत आढळते. १४ एप्रिल १९११ रोजी ते थोरला मुलगा भालचंद्र याच्यासह प्राण्यांवरचा एक चित्रपट पाहून आले. घरात कोणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सर्वांना घेऊन गेले, तो ईस्टर असल्यामुळे ख्रिस्ताचा चित्रपट लागलेला. आता १९११ साली ईस्टरचा रविवार १६ एप्रिलला आला होता. म्हणजे १४ तारखेला उत्तम शुक्रवार आणि दुसऱ्या दिवशी पवित्र शनिवार. इकडे १९१० चा नाताळ रविवारी होता, तेव्हा नाताळातला शनिवार हा एक तर नाताळची पूर्वसंध्या किंवा वर्षाचा शेवटचा दिवस. दोन्ही हकीगती शनिवारी येऊन थांबतात! मी फाळके यांच्या स्वतःच्या शब्दाला अधिक मान देईन. पण तेही सहा-सात वर्षांनंतर आठवून लिहीत होते, आणि आठवण म्हणजे मनाने पुन्हा रंगवलेले चित्रच असते, हे विसरता येत नाही.

तो चित्रपट नेमका कोणता, याविषयीही मतभेद आहेत. कोणी तो पॅरिसच्या पाते कंपनीचा मानतात, कोणी गोमाँ कंपनीसाठी आलिस गी या बाईंनी १९०६ साली केलेला. बाईंचा असेल तर एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी आपली दृश्ये जेम्स तिसो या फ्रेंच चित्रकाराच्या बायबलवरील चित्रांच्या आधारे रचली होती, आणि तिसो त्यासाठी पॅलेस्टाइनला जाऊन आला होता. म्हणजे पवित्र भूमी पाहिली चित्रकाराने, त्याची चित्रे पाहिली आलिस गीने, तिचा चित्रपट पाहिला गिरगावातील प्रेक्षकांनी; आणि प्रत्येकाने पाहताना आपल्या पदरचे काही घातले.

त्या काळातील अशा चित्रपटांची रचनाही समजून घेतली पाहिजे. पंचवीस-तीस सुटी दृश्ये, एकापुढे एक मांडलेली; आधी मथळा आणि मग चित्र. गव्हाणी, शोमरोनी स्त्री, क्रूस, रिकामी कबर. एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाण्याची वाट चित्रपट दाखवीत नसे, कारण ती प्रेक्षकाला पाठ आहे असे धरून चालत. युरोपातील प्रेक्षक लहानपणी शिकलेल्या धर्मोपदेशातून, चर्चमधील रंगीत काचांतून ती रिकामी जागा भरून काढी. गिरगावातील त्र्यंबककर ब्राह्मणाने ती कशाने भरावी? त्याच्या घरी कीर्तने आणि पुराणे होती. मुलाच्या जन्माची वार्ता ऐकून बालकांच्या जिवावर उठलेला राजा त्यालाही ठाऊक होता. त्याचे नाव मात्र हेरोद नसून कंस होते. फाळके यांनी ही तुलना लिहून ठेवलेली नाही, तर्क माझा आहे. पण गोकुळ त्यांना आठवावे याचे याहून सोपे कारण मला सापडत नाही.

येथे आपल्या जुन्या पंडितांकडे वळावेसे वाटते. ब्रह्मगिरीच्या गौतम ऋषींची आणि गोदावरीची कथा नाशिककरांना मुखोद्गत असते. न्यायदर्शनाचे कर्ते अक्षपाद गौतम ते हेच, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही. नाव सारखे आहे एवढेच. मात्र न्यायाच्या परंपरेने प्रत्यक्ष ज्ञानाचा जो विचार केला तो या प्रसंगाला आश्चर्यकारकपणे लागू पडतो. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येणे पुरेसे नाही, मध्ये मन हवे. आणि मन एका वेळी एकाच ठिकाणी असते, असे नैयायिक म्हणत. पुढच्या काळातील नैयायिकांनी चंदनाचे उदाहरण दिले. चंदनाचे खोड दूर ठेवलेले आहे, वास नाकापर्यंत पोचलेला नाही, तरी पाहणारा म्हणतो, सुगंधी चंदन दिसते आहे. सुगंध डोळ्याला कसा दिसला? पूर्वी घेतलेल्या वासाचे ज्ञान दृष्टीत मिसळले, आणि ते इतके बेमालूम मिसळले की पाहणाऱ्याला सांधा कळला नाही. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दृष्टी म्हणजे अजाणता केलेले अनुमान होय, असे मांडले. त्याच्याही सहाशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनात हा विचार येतो की कोणतीही गोष्ट ग्रहण होते ती ग्रहण करणाऱ्याच्या घडणीप्रमाणे. भांड्याचा आकार पाण्याला येतो, तसे.

अर्थात फाळके यांच्या बाबतीत सांधा अदृश्य नव्हता. ख्रिस्त कोण आणि कृष्ण कोण हे त्यांना पक्के माहीत होते. दोन्ही चित्रे एकदम दिसत आहेत हे त्यांना जाणवले, आणि जाणवले म्हणून ते अस्वस्थ झाले. सामान्य प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी गेला असता.

आता जरा पडद्याकडेच पाहू. चित्रपटात काहीही हलत नाही. फितीवर सुटी, निश्चल छायाचित्रे असतात. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा. एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत झडप प्रकाश अडवते, म्हणजे प्रेक्षक बराच वेळ निव्वळ अंधार पाहत असतो आणि त्याला ते कळतही नाही. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३७०० फूट होती. फुटाला सोळा चित्रे धरली तर ५९,२०० भरतात. सुरतेत या चित्रपटाची जाहिरात सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, तेही अवघ्या तीन आण्यांत, अशी केली गेली होती. छायाचित्रांचा आकडा हिशेबात बसतो. मैलांचा बसत नाही, ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलही नव्हे. जाहिरातदार तेव्हाही जाहिरातदारच होते.

मग हालचाल कोठून येते? १८२४ साली पीटर मार्क रोजे याने चाकाच्या आऱ्यांच्या भासावर एक निबंध वाचला. त्यातून पुढे असा समज रूढ झाला की डोळ्याच्या पडद्यावर चित्र क्षणभर टिकून राहते आणि म्हणून चित्रे जोडली जातात. आपल्या शालेय पुस्तकांतून 'दृष्टिसातत्य' या नावाने आपण हेच शिकलो. पण थोडा विचार केला तर ते अपुरे ठरते. चित्रे नुसती टिकून राहिली तर एकावर एक साचून गिचमिड होईल, माणूस चालताना दिसणार नाही.

या कोड्याला हात घातला तो माक्स वेर्टहायमर याने. १९१० साली आगगाडीने जात असताना त्याला एक कल्पना सुचली, तो फ्रँकफर्टला उतरला आणि त्याने चित्रे फिरवण्याचे एक खेळणे विकत घेतले, अशी कथा सांगतात. पुढे त्याने शिस्तशीर प्रयोग केले. दोन रेषा, दोन जागी, एकीमागून एक उजळायच्या. मधले अंतर सेकंदाच्या तीन शतांशांइतके असले तर दोन्ही एकदम दिसतात. पाचव्या हिश्शाइतके असले तर आधी एक आणि मग दुसरी. पण अंतर सहा शतांशांच्या आसपास ठेवले की एकच रेषा इकडून तिकडे गेल्याचे दिसते. मध्ये काहीही नसताना प्रवास दिसतो. हा प्रवास मनाच्या घडणीतला आहे, असा वेर्टहायमरचा निष्कर्ष १९१२ साली प्रसिद्ध झाला. त्याच १९१२ साली फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा खरेदी करून आले. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

हालचाल पाहणे हे मेंदूचे वेगळे काम आहे, याचा एक करुण दाखला पुढे मिळाला. मेंदूला इजा झालेल्या एका जर्मन स्त्रीची हकीगत १९८३ साली संशोधकांनी प्रसिद्ध केली. तिला रंग दिसत, आकार दिसत, माणसे ओळखता येत. दिसत नसे ती फक्त गती. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसे, म्हणून कप केव्हा भरला हे तिला कळत नसे. खोलीतील माणसे आता येथे, मग एकदम तेथे. रस्ता ओलांडणे तर अशक्यच. आपल्यासाठी मन जे अखंड विणत असते, ते तिच्यासाठी विणायचे थांबले होते. फाळके यांचा कोणताही चित्रपट तिला चित्रपट वाटला नसता.

खुद्द फाळके यांच्या डोळ्यांनी या ध्यासाची किंमत मोजली. ख्रिस्तपट पाहिल्यानंतर ते रोज चार-पाच तास चित्रपट पाहू लागले, उरलेल्या वेळात प्रयोग आणि विचार, झोप जेमतेम. अखेर डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. मुंबईच्या डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. जवळच्यांनी हे वेड सोडण्याचा सल्ला दिला असणार. त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले आणि विलायत गाठली.

परतल्यावर त्यांनी केलेला पहिला उद्योग मला सर्वांत आवडतो. पुढे भांडवल घालणाऱ्यांना विद्येची खात्री पटवायची होती. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि अंकुराची छायाचित्रे दिवसामागून दिवस घेत गेले. पडद्यावर एका मिनिटात बी फुटले, कोंब वर आला, वेल झाली. 'अंकुराची वाढ' ही ती छोटी फीत. वाटाणा वाढतो हे कोणाला माहीत नाही? पण वाढताना त्याला कोणी पाहिलेला नसतो. गती इतकी मंद असते की आपल्या इंद्रियांच्या जाळ्यात ती सापडतच नाही. फाळके यांनी ती मनाच्या आवाक्यात आणून ठेवली. पाहणारे थक्क झाले आणि पैसे उभे राहिले. तेवढ्याने भागले नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. याच बाईंनी रात्री अंधारात बसून कोऱ्या फितीला भोके पाडली, हेही सांगितले पाहिजे.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला आणि त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. तारामतीचे काम अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने केले होते, कारण स्त्रिया मिळाल्या नाहीत. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. एकच चेहरा, एकच अंगलट. धनुष्य घेतले की राम, पदर घेतला की सीता. प्रेक्षकांना ते खटकले नाही. उलट राम पडद्यावर येताच लोक पायांतील वहाणा काढीत, असे सांगतात. मला त्या वहाणांचे विशेष वाटते. तो विचार करून घेतलेला निर्णय नव्हता. देवळाच्या पायरीशी लागलेली पायांची सवय होती. मूर्ती दिसली की हात जोडले जातात आणि वहाणा सुटतात, मग मूर्ती दगडाची असो वा प्रकाशाची. ज्या नाशिकला फाळके चित्रपट काढीत होते, तेथेच पंचवटीतील काळाराम मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते आणि त्यासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पडद्यावरच्या रामापुढे गाभारा नव्हता आणि पुजारीही नव्हता. दर्शन ही गोष्ट डोळ्यांची, पण डोळ्यांना ती मिळू द्यायची की नाही हे दुसरेच लोक ठरवतात, याचाही विचार व्हायला हवा.

आपल्या नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत जी गर्दी लोटते, तीत कितीतरी कुटुंबे हिंदू असतात. एकदा एक आजी नातवाला उचलून मूर्ती दाखवीत होत्या. त्या हलक्या आवाजात काय पुटपुटत होत्या ते मला ऐकू आले: "बघ, बाळकृष्ण कसा हसतोय." माझ्याबरोबरच्या एका गृहस्थांनी त्यांची चूक दुरुस्त करण्यासाठी तोंड उघडले होते. मी त्यांचा हात धरला. तेव्हा का धरला हे मला सांगता आले नसते. आज असे वाटते की गिरगावच्या त्या अंधारात फाळके यांच्या शेजारी कोणी जाणकार बसला असता आणि त्याने त्यांच्या मनातले गोकुळ पुसून टाकले असते, तर आपल्या अभिमानाची गोष्टही उरली नसती. आपली श्रद्धा आपण स्पष्ट सांगावी. त्यात संकोच नको. पण समोरच्याच्या डोळ्यांत शिरून तेथले चित्र बदलण्याची घाई करू नये.

१९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९१९ चा 'कालियामर्दन' हा तिचा चित्रपट बऱ्याच अंशी आज उपलब्ध आहे. मुकाट पाहत राहावा असा आहे. आरंभी फाळके यांची मुलगी मंदाकिनी दिसते, सात वर्षांची. ती कोण हे प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलेले असते. कॅमेऱ्याकडे पाहून ती चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते. वेष नाही, मोरपीस नाही. एक चुणचुणीत मुलगी, बाबांनी सांगितले तसे करणारी. जादूगाराने आपल्या दोन्ही बाह्या वर सारून हात रिकामे असल्याचे दाखवावे तसे हे आहे. मग ती कृष्णाच्या वेषात येते. गोष्ट सुरू होते, कालियाच्या फण्यावर ते पोर नाचू लागते, आणि आपण मंदाकिनीला केव्हा विसरलो हे ध्यानात येत नाही.